वैमानिक होण्याच्या पाच वाटा आणि त्यांचा हिशेब

गेल्या महिन्यात यंत्रमागाचा धंदा करणारे एक जुने स्नेही दुकानावर आले. हातात रंगीत छपाईचे माहितीपत्रक होते. मुलगा बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाला आहे आणि त्याला वैमानिक व्हायचे आहे. संस्थेने सांगितले होते की सगळी फी एकरकमी भरल्यास चांगली सूट मिळेल. त्यासाठी बारा माग आणि बायपासजवळचा प्लॉट विकण्याची त्यांची तयारी झाली होती. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "भाई, ही संस्था बरी की मुलाला परदेशी पाठवू?"

मी म्हटले, "हाजीसाहेब, मुलाचे डोळे तपासले का?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. तपासले नव्हते.

त्यानंतर या विषयाची मी बरीच चौकशी केली. माहीतगारांना भेटलो, नियम वाचले, आकडे मांडून पाहिले. आपल्यापैकी अनेक घरांत आता हा प्रश्न निघू लागला आहे. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर शिकाऊ विमाने उडतात, बारामती व गोंदियातही उडतात. मुले ती पाहतात आणि विचारतात. म्हणून हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहे.

परवाना म्हणजे काय?

विमान चालवून पगार घ्यायचा असेल तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. तो केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. इंग्रजी अक्षरांवरून त्याला सीपीएल म्हणतात. त्याच्या मुख्य अटी अशा आहेत:

१) वय १८ पूर्ण. विद्यार्थी परवाना १६ व्या वर्षी निघतो.
२) बारावीला भौतिकशास्त्र व गणित. वाणिज्य शाखेतून बारावी झालेली अनेक मुले हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून पास होऊन मग या वाटेला लागली आहेत.
३) प्रथम श्रेणीचा वैद्यकीय दाखला.
४) हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान यांचे लेखी पेपर. पास होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा.
५) एकूण २०० तासांचे उड्डाण. त्यात १०० तास विमानाचा ताबा स्वतःकडे असला पाहिजे, एका विमानतळावरून दुसरीकडे जाण्याचे लांबचे उड्डाण आले पाहिजे, केवळ उपकरणांकडे पाहून उडणे आले पाहिजे आणि रात्रीचे उड्डाणही आले पाहिजे. लांबच्या उड्डाणांपैकी एक ३०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचे असावे लागते.

एवढे सगळे झाले की परवाना मिळतो, नोकरी मात्र मिळत नाही. हा फरक कापडवाल्याला लवकर समजेल. मागावरून उतरलेले कोरे कापड हे कापडच असते, पण प्रोसेस झाल्याशिवाय दुकानात विकले जात नाही. त्याचप्रमाणे सीपीएलधारकाला प्रवासी कंपनीत बसायचे असेल तर त्या कंपनीच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण लागते. आपल्याकडे ते बहुधा एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ या विमानांचे असते. याला टाइप रेटिंग म्हणतात. ते बरेचसे सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या हुबेहूब कॉकपिटमध्ये, होते. ढोबळमानाने त्याला पंधरा ते पंचवीस लाख रुपये लागतात. माहितीपत्रकात हा आकडा बहुधा शेवटच्या पानावर असतो किंवा नसतोच.

म्हणून वाटा कोणत्याही असोत, त्यांची तुलना फीच्या आकड्यावरून करू नये. पहिला पगार हाती येईपर्यंत एकूण किती रक्कम, किती वर्षे अडकणार आणि मध्येच काम बिघडले तर तोटा कोणाच्या खात्यावर पडणार, यावरून ती करावी.

पहिली वाट: देशातील फ्लाइंग क्लब व खासगी संस्था

ही सर्वांत जुनी वाट. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ सालचा आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली भारतातील पहिला वैमानिक परवाना याच क्लबात शिकून मिळवला. नागपूरचा क्लब १९४७ पासूनचा. आज देशात डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्था तीस-पस्तीसच्या पुढे आहेत.

खर्च ढोबळमानाने ४५ ते ६५ लाख रुपये, त्यात राहणे-खाणे धरले आहे. वर टाइप रेटिंग. माहितीपत्रकात मुदत दीड वर्ष लिहिलेली असते. पण अनेक मुलांना दोन-अडीच वर्षे लागतात, काहींना त्याहून जास्त.

हा उशीर का होतो? मागाच्या भाषेत सांगतो. शेडमध्ये चाळीस माग आहेत हे ऐकून कोणी व्यापारी सौदा करत नाही. चालू माग किती आणि महिन्याला कापड किती मीटर निघते, हे तो आधी विचारतो. इथेही तेच करावे. समजा संस्थेकडे उडण्याच्या स्थितीतली पाच विमाने आहेत आणि प्रत्येक विमान महिन्याला साठ तास उडते. एकूण तीनशे तास झाले. विद्यार्थी साठ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला पाच तास आले. २०० तासांना चाळीस महिने लागतील. तेवढ्याच विमानांवर विद्यार्थी पंचवीस असतील तर वाट्याला बारा तास येतात आणि काम सतरा महिन्यांत होते. विमाने तीच, फी कदाचित सारखीच, पण एका मुलाची दोन वर्षे वाया गेली. शिवाय पावसाळा, उत्तरेकडचे धुके, शिक्षकांची टंचाई आणि सुट्या भागांसाठी उभी राहिलेली विमाने हे सगळे या गणितात धरावे लागते.

माझ्या परिचयातल्या एका घरात हेच झाले. त्यांनी सगळी रक्कम आगाऊ भरली. दोन वर्षांत मुलाचे उड्डाण सत्तर तासांच्या आसपास झाले. पैसे परत मागितले तेव्हा करारातले कलम दाखवण्यात आले. बिचारा बाप तेव्हा पहिल्यांदा करार वाचत होता.

२०२५ पासून डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावण्यास सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत एकही संस्था ए श्रेणीत बसली नाही. ही यादी पाहिल्याशिवाय कोणीही प्रवेश घेऊ नये.

दुसरी वाट: सरकारी अकादमी

उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तिला इग्रुआ म्हणतात. ती केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली चालते. प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडते. लेखी परीक्षेत इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र, बुद्धिमापन व सामान्य ज्ञान असते. त्यानंतर मुलाखत आणि वैमानिकाची योग्यता चाचणी. फी चाळीस-पन्नास लाखांच्या घरात आहे, म्हणजे ती स्वस्त नाही. पण निवड गुणांवर होते, विमाने बरी आहेत आणि कंपन्यांत नाव आहे.

इथे राखीव जागाही आहेत. मोमीन, बागवान, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागास वर्गात मोडतात. परंतु केंद्राच्या संस्थेला केंद्रीय यादी आणि केंद्रीय नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले ऐन वेळी अडतात. हा दाखला अकरावीतच काढून ठेवावा.

आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय उडाण प्रशिक्षण संस्था आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि सीएई ही कॅनडाची कंपनी यांच्या भागीदारीतून ती उभी राहिली. तिथेही चाचणी घेऊनच प्रवेश देतात. २०२४ साली एअर इंडियाने अमरावतीजवळ बेलोरा येथे मोठी संस्था उभारण्याची घोषणा केली. विदर्भातल्या वाचकांनी तिकडे लक्ष ठेवावे.

तिसरी वाट: परदेश

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, कॅनडा, फिलिपिन्स या देशांत आपली मुले जातात. फायदा एकच पण मोठा आहे, वेग. विमाने जास्त, हवामान अनुकूल, त्यामुळे चांगल्या ठिकाणी आठ ते बारा महिन्यांत तास पूर्ण होतात.

परंतु तिथला परवाना इथे जसाच्या तसा चालत नाही. परत आल्यावर डीजीसीएचे लेखी पेपर, वैद्यकीय तपासणी, रेडिओचा परवाना आणि इथल्या विमानावर परीक्षकापुढे उड्डाण हे सगळे करून तो बदलून घ्यावा लागतो. यात आणखी काही महिने आणि काही लाख जातात. शहाणी मुले डीजीसीएचे पेपर जाण्यापूर्वीच देऊन टाकतात. न देता गेलेली मुले परत येऊन वर्ष-वर्ष पेपरांत अडकलेली पाहण्यात आहेत. तोवर हाताचा सराव जातो.

दुसरी गोष्ट डॉलरची. २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. निर्यातीचा माल पाठवणाऱ्याला हे आवडते, पण फी भरणाऱ्याला नाही. परदेशातला खर्च ढोबळ ५० ते ७५ लाख धरावा आणि त्यावर दहा टक्के रक्कम भावाच्या चढउतारासाठी बाजूला ठेवावी. एजंटाने सांगितलेला आकडा कोणत्या दिवसाच्या भावाने काढला आहे, तेही विचारावे.

चौथी वाट: विमान कंपनीची कॅडेट योजना

यात कंपनी आधी मुलाची परीक्षा घेते. निवड झाली की आपल्या पसंतीच्या संस्थेत त्याला शिकायला पाठवते. परवाना आणि टाइप रेटिंग दोन्ही त्याच योजनेत होते आणि शेवटी त्याच कंपनीत सहवैमानिक म्हणून घेण्याचा प्रस्ताव असतो. इंडिगोची अशी योजना प्रसिद्ध आहे. मुदत साधारण दीड ते दोन वर्षे.

खर्च एक कोटीच्या घरात किंवा त्याहून जास्त. हे ऐकून माणूस मागे सरकतो. पण वर सांगितलेली रीत लावून पाहू या. पहिल्या वाटेत ५५ लाखांचा परवाना, २० लाखांचे टाइप रेटिंग, मध्ये बसून काढलेले वर्ष-दीड वर्ष आणि तेवढ्या काळाचा बुडालेला पगार. नव्या सहवैमानिकाला महिन्याला दीड लाख मिळतात असे धरले तरी वर्षाचे १८ लाख होतात. त्यात राहण्या-खाण्याचे दोन-अडीच लाख मिळवा. म्हणजे स्वस्त वाट आणि महाग वाट यांतला फरक दिसतो तेवढा राहत नाही. मुख्य म्हणजे इथे गिऱ्हाईक आधी ठरलेले असते आणि माल नंतर विणला जातो.

तरीही एक सावधगिरी. हा प्रस्ताव अटींचा असतो. कंपनीचा धंदा पडला, भरती थांबली, तर मुलाला थांबावे लागते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. हमी आणि प्रस्ताव यांतला फरक वकिलाकडून समजून घ्यावा.

पाचवी वाट: हवाई दल

ही वाट आपल्या समाजात सर्वांत कमी चर्चिली जाते, आणि गरीब घरासाठी हीच सर्वांत मोठी आहे. इथे फी नाही. शिक्षण सरकार देते, राहणे-खाणे सरकारचे, आणि पुढे पगारही सरकारचाच.

बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, ही परीक्षा असते. ती वर्षातून दोनदा होते. प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला. पदवीनंतर हवाई दलाची स्वतंत्र परीक्षा आहे, तिला ॲफकॅट म्हणतात. त्यातून उड्डाण शाखेत चौदा वर्षांची नेमणूक मिळते. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळ पाच दिवस परीक्षा घेते, त्यात वैमानिकाची यांत्रिक योग्यता चाचणी असते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. म्हणून सहज जाऊन पाहू असे म्हणून तिथे जाऊ नये.

नोकरी संपल्यावर हवाई दलाचे वैमानिक डीजीसीएचे पेपर देऊन नागरी कंपन्यांत येतात. त्यांचे हजारो तास कोणी नाकारत नाही. फक्त एक लक्षात ठेवावे की ती फौजेची सेवा आहे. फुकट परवाना मिळतो म्हणून जाणारा तिथे टिकत नाही.

महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चालू आहे. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना ती अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून देते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली. नाशिक मालेगावपासून दोन-अडीच तासांवर, पण आपल्या किती शाळांच्या सूचनाफलकावर तिची जाहिरात लागते?

आपले कोण तिथे घेणार, असे म्हणणाऱ्यांनी दोन नावे ध्यानात ठेवावीत. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आणि २०२२ साली उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळच्या खेड्यातील सानिया मिर्झा एनडीएत निवडली गेली. तिचे वडील टीव्ही दुरुस्त करतात.

मंदीचा धडा

सुताचा भाव जसा चढतो-उतरतो तसाच हा धंदा. किंगफिशर कंपनी २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. २०२० मध्ये कोविडने सगळ्यांचीच विमाने जमिनीवर आणली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे बंद झाली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवी मुले रांगेत मागे ढकलली गेली.

दुसरीकडे २०२३ मध्येच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या मागणीची घोषणा केली. एजंट हाच आकडा सांगतात. आकडा खरा आहे, पण विमाने एकदम येत नाहीत, दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात. शिवाय कंपन्यांना खरी टंचाई कॅप्टनची असते. कॅप्टनला वरचा परवाना लागतो आणि त्याला १५०० तास लागतात. २०० तासांची मुले बाजारात पुष्कळ आहेत. म्हणून परवाना मिळाल्यावर एक ते दोन वर्षे थांबावे लागेल असे धरूनच भांडवलाची आखणी करावी. लवकर नोकरी लागली तर अल्लाहचे आभार मानावेत.

पैसा कोठून आणावा?

पन्नास लाखांचे बँकेचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार येतो आणि एकूण परतफेड ८२ लाखांच्या पुढे जाते. शिक्षणाच्या काळातले व्याज वेगळे. बँक घर किंवा दुकान तारण मागते. व्याजाचा प्रश्न आपल्यापुढे आहेच, तो क्षणभर बाजूला ठेवला तरी ज्या दुकानावर पाच माणसे जेवतात ते एका परवान्यासाठी तारण ठेवणे शहाणपणाचे नाही.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची योजना आहे. व्याज अल्प असते, परंतु मर्यादा या शिक्षणाच्या मानाने लहान आहे. परवान्यापूर्वीच्या खर्चाला ती उपयोगी पडू शकते. जिल्हा कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे उदाहरण बोलके आहे. वडील बेकरीत कामाला. उर्दू दैनिक 'सियासत'चे संपादक जाहिद अली खान यांनी तिच्या प्रशिक्षणाला हात दिला आणि ती परवान्यापर्यंत पोहोचली. पण पुढच्या प्रशिक्षणासाठी पुन्हा मोठ्या रकमेची गरज पडली, ती तेलंगण सरकारने भागवली. यातून दोन गोष्टी दिसतात. समाजाने ठरवले तर कामगाराची मुलगीही तिथे पोहोचते. आणि मदत करणाऱ्याने परवान्यापाशी थांबून चालत नाही. आपल्या ट्रस्टांनी दहा मुलांना थोडे-थोडे वाटण्यापेक्षा एका लायक मुलाला कर्ज-ए-हसना म्हणून शेवटपर्यंत साथ द्यावी. नोकरी लागल्यावर तो परत करील आणि तीच रक्कम पुढच्याला जाईल.

एक गोष्ट हिशेबनीसांसाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की डीजीसीएमान्य संस्थांच्या मान्य उडाण अभ्यासक्रमांवर जीएसटी नाही. फीच्या पावतीत १८ टक्के लावलेले दिसले तर विचारणा करावी.

भाषेची अडचण

मी उर्दू माध्यमात शिकलो. म्हणून हे स्पष्ट लिहितो. माध्यमामुळे गणित आणि भौतिकशास्त्र कच्चे राहत नाही, शिक्षक चांगला असला तर उलट पक्के होते. पण लेखी पेपर इंग्रजीत असतात आणि आकाशात रेडिओवरचे बोलणेही इंग्रजीत असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वैमानिकाची इंग्रजी तपासली जाते, किमान चौथी पातळी लागते. तिथे साहित्यिक इंग्रजी नको, स्वच्छ, ऐकल्याबरोबर समजणारी आणि न अडखळता बोलता येणारी हवी. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाने आठवीपासून रोज अर्धा तास मोठ्याने वाचले तरी ही अडचण राहणार नाही. बारावीनंतर सुरुवात केली तर तेच काम महागात पडते.

खर्च कोणत्या क्रमाने करावा?

वाट कोणतीही घ्या, पैसे उतरत्या जोखमीने लावावेत. आधी थोडे, पुढचे दार उघडल्यावर जास्त.

पहिला टप्पा, काही हजार रुपये: वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या यादीवरील डॉक्टरकडून द्वितीय श्रेणीचा दाखला, मग नेमलेल्या केंद्रात प्रथम श्रेणीची तपासणी. चष्मा असला म्हणून बिघडत नाही, चष्म्याने नजर पूर्ण होत असली पाहिजे. रंगांधळेपणा मात्र वाट अडवतो, आणि तो मुलाला स्वतःला कित्येकदा ठाऊकही नसतो.

दुसरा टप्पा, एक-दोन लाख: लेखी पेपर. क्लास लावून किंवा घरी अभ्यास करून पेपर आधी सोडवावेत. मुलाची चिकाटी इथेच कळते. सहा महिन्यांत पुस्तकाला हात लावला नाही तर माग विकू नयेत.

तिसरा टप्पा, मोठी रक्कम: उड्डाण. संस्थेला स्वतः भेट द्यावी, तीही कामाच्या दिवशी. सकाळी सात वाजता धावपट्टीजवळ उभे राहून किती विमाने उडतात ते मोजावे. जुन्या विद्यार्थ्यांना बाहेर चहाच्या टपरीवर भेटावे. गेल्या वर्षी एकूण तास किती उडाले, विद्यार्थी किती, शिक्षक किती, हे लेखी मागावे. फी उड्डाणाच्या तासांप्रमाणे हप्त्यांत भरावी आणि मध्येच सोडल्यास परतावा किती, हे करारात लिहून घ्यावे. सुटीच्या लालचेने एकरकमी भरू नये. उडालेला प्रत्येक तास नोंदवहीत खरा असावा. २०११ साली बनावट कागदपत्रांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली तेव्हा वैमानिक तुरुंगात गेले होते.

चौथा टप्पा, टाइप रेटिंग: शक्यतो नोकरीचे पत्र हातात आल्यावरच. आपल्या मनाने एका विमानाचे घेतले आणि भरती दुसऱ्या विमानावर निघाली, तर तो माल पडून राहतो. त्याची मुदतही संपत जाते.

शेवटी

ते स्नेही पुन्हा आले. मुलाची नजर ठीक निघाली, प्रथम श्रेणीचा दाखला मिळाला. तो आता घरी बसून हवामानशास्त्राचा पेपर करतो आहे आणि बरोबरीने इग्रुआच्या प्रवेश परीक्षेची व एनडीएची तयारी करतो आहे, कारण त्याचे वय अजून बसते. दोन्ही ठिकाणी नाही जमले तर मग देशातील चांगली संस्था, हप्त्याने. प्लॉट विकायचा झालाच तर तेव्हा विकतील. माग विकायचे नाहीत, हे मात्र त्यांनी ठरवले आहे. धाकटी दोन मुले अजून शाळेत आहेत.

मुलगा त्यांच्याबरोबर दुकानावर आला होता. मी विचारले, "पेपरात नापास झालास तर?" तो म्हणाला, "चाचा, पुन्हा देईन. पेपराची फी काही हजारच आहे." त्याला हिशेब समजला आहे.